मृताची मालमत्ता, धनको आणि वारस : आगाशी परिसराच्या संदर्भात जाहीर सूचनेचा इतिहास

प्रस्तावना

मनुष्य मृत्यू पावला की त्याच्या मागे दोन प्रकारचे हक्कदार उरतात. ज्यांचे त्याच्याकडून येणे आहे ते धनको आणि ज्यांच्याकडे त्याची मालमत्ता जावयाची ते वारस. या दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात. धनकोची रक्कम फिटल्यावर जे उरेल तेच वारसांचे. वारसांनी आधीच वाटून घेतले तर धनकोच्या हाती काहीच लागत नाही. तसेच एका वारसाने दुसऱ्याला नकळत ताबा घेतला तर दुसऱ्याचा हक्क कागदावर राहतो आणि जमीन हातची जाते. म्हणूनच मृत्यूची व मालमत्तेच्या व्यवस्थेची वार्ता कोणाला, कशी व किती मुदतीत कळवावी, हा प्रश्न कायद्याच्या इतिहासात दिसतो त्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. कायद्याचे अभ्यासक वारसाहक्काच्या तत्त्वांवर पुष्कळ लिहितात. सूचनेच्या पद्धतीकडे मात्र ती केवळ कार्यालयीन बाब समजून दुर्लक्ष केले जाते.

प्रस्तुत निबंधात या पद्धतींचा विचार वसई तालुक्यातील आगाशी या गावाच्या संदर्भात केला आहे. विरारच्या पश्चिमेस, अर्नाळ्याच्या शेजारी वसलेले हे गाव एकेकाळचे बंदर होय. केळीच्या वाड्या, विड्याची पाने, भाजीपाला आणि वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी यांसाठी या परिसराची ख्याती आहे. वाडी ही येथील मालमत्तेचे मुख्य रूप. ती लहान असते, तिला विहीर लागते, पाण्याची पाळी लागते, आणि तिचे तुकडे करणे गैरसोयीचे असते. अशा जमिनीची वाटणी ही नेहमीच नाजूक बाब ठरते. शिवाय या परिसरात हिंदूंच्या विविध जाती, रोमन कॅथलिक ख्रिस्ती, मुसलमान, जैन व पारशी अशी वस्ती असल्याने एकाच पाणंदीच्या दोन बाजूंना वारशाचे दोन निराळे कायदे लागू होत आले. पोर्तुगीज, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही राजवटींचा अनुभव घेतलेले हे गाव १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले.

पोर्तुगीज अमल : वार्तेचे भय

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. तत्पूर्वी १५३०-३१ च्या सुमारास त्यांनी आगाशी बंदर जाळले होते. १७३९ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन शतके, हा प्रदेश त्यांच्याकडे राहिला. पोर्तुगीज कायद्यात मृत्यूनंतर मालमत्तेची यादी करणे ही सार्वजनिक स्वरूपाची कृती होती. अज्ञान मुले मागे असल्यास अनाथांच्या न्यायाधीशासमोर यादी सादर करावी लागे आणि देणी-घेणी तीतच नोंदवली जात. दूरदेशी मरण पावलेल्या पोर्तुगीजांची मालमत्ता सांभाळून ती मायदेशी पाठविण्याच्या कामात मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेचा मोठा वाटा होता. वारसांना वार्ता कळविण्याचे काम तिकडे बहुधा धर्मग्रामाच्या मार्फत होई. समुद्राच्या दोन टोकांना असलेल्या कुटुंबांसाठी ही व्यवस्था नि:संशय उपयोगाची होती.

परंतु हिंदू रयतेच्या दृष्टीने याच व्यवस्थेची दुसरी बाजू होती. १५५९ च्या राजाज्ञेनुसार आईवडील व आजोबा-आजी नसलेली हिंदू मुले गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा द्यावयाची होती. पुढे अनाथ या शब्दाचा अर्थ ताणला जाऊन केवळ पितृहीन मुलेही त्यात ओढली गेली. बापाच्या मृत्यूची वार्ता अधिकाऱ्यांच्या कानी जाणे म्हणजे मूल गमावणे, अशी स्थिती निर्माण झाल्यावर मृत्यू लपविणे आणि मुलांसह सरहद्दीपार निघून जाणे हाच उपाय उरला. सूचना ही हक्काचे रक्षण करते असे आधुनिक कायदा गृहीत धरतो. ज्या समाजाला सूचनेतून संकटाचाच अनुभव आला त्याने तिच्यापासून दूर राहण्याचे ठरविले तर त्यात नवल नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज पद्धत येथे संपली. गोव्यात मात्र ती विकसित होत राहिली. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या आधारे तेथे 'इन्व्हेंटारियो' कार्यवाही रुजली. तीत कुटुंबप्रमुख सर्व मालमत्ता जाहीर करतो, वारस व धनको दोघांनाही बोलावले जाते, आणि कर्जे मान्य झाल्यावरच वाटणी होते. गोव्याच्या २०१२ च्या वारसाविषयक अधिनियमातही, जो २०१६ मध्ये अमलात आला, ही चौकट टिकून आहे. वसईचा इतिहास १७३९ मध्ये निराळ्या वळणाने गेला नसता तर आगाशीच्या वाड्यांची वाटणीही कदाचित याच रीतीने झाली असती.

ऋण देहाचे की मालमत्तेचे?

मराठी अमलात वारसाची मान्यता हा प्रामुख्याने वतनाचा प्रश्न होता. वतनदार वारल्यावर त्याच्या मुलाने नजर भरून वतन आपल्या नावे करून घ्यावे, तंटा उद्भवल्यास गोतसभेपुढे महजर व्हावा, अशी रीत होती. वारस कोण हे गोताला माहीत असे, तेव्हा वेगळ्या सूचनेचे प्रयोजन पडत नसे. धनकोच्या बाबतीत तर सूचनेची गरजच धर्मशास्त्राने ठेवली नव्हती. बापाचे ऋण मुलाने फेडावे, आजोबांचे ऋण नातवाने व्याज वगळून फेडावे, हे कर्तव्य मालमत्तेवर अवलंबून नव्हते. वारसाला काही मिळो वा न मिळो, ऋण त्याच्या अंगावर येई. जुगार, मद्यपान इत्यादींसाठी काढलेली कर्जे तेवढी यातून वगळलेली होती. ऋण न फेडता मेलेल्याला सद्गती नाही, ही श्रद्धा त्यामागे होती. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७२ मध्ये अंतकाळी ज्या इच्छा नोंदविल्या त्यांत कर्जफेडीची इच्छा होती, ती याच परंपरेतील.

या व्यवस्थेत सावकार निर्धास्त होता. ऋणको मेला तरी त्याचा मुलगा गावातच होता. वाटणी केव्हा झाली, कोणाच्या वाट्याला काय आले, याची चौकशी सावकाराने करण्याचे कारण नव्हते, कारण त्याचा दावा विहिरीवर किंवा वाडीवर नसून माणसावर होता. धनकोला सूचना देण्याची कल्पना आपल्याकडे उशिरा आली, याचे कारण पूर्वजांचे अज्ञान नव्हे. ऋण जोवर देहाला चिकटलेले होते तोवर सूचनेचा उपयोगच नव्हता.

१८२७ चे आठवे रेग्युलेशन

इंग्रजी अमल आल्यानंतर मुंबई इलाख्यासाठी १८२७ मध्ये जी रेग्युलेशने करण्यात आली ती एल्फिन्स्टन संहिता या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी दाव्यांत लिखित कायदा नसेल तेथे रूढी व प्रतिवादीचा कायदा लागू करण्यास सांगितले. आठव्या रेग्युलेशनने वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक व प्रशासक यांना औपचारिक मान्यता देण्याची रीत घालून दिली. सुमारे दोन शतके लोटली तरी महाराष्ट्रात वारस दाखल्याचे अर्ज आजही याच रेग्युलेशनखाली केले जातात. इतके दीर्घायुष्य लाभलेले कायदे थोडेच.

या रेग्युलेशनची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. वारसाने न्यायालयाकडे गेलेच पाहिजे असे ते म्हणत नाही. तो परवानगीशिवाय मालमत्तेची वहिवाट सुरू करू शकतो. परंतु त्याच्या हक्काबद्दल शंका वा वाद असेल, किंवा त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांना खात्री हवी असेल, तर तो अर्ज करू शकतो. अर्ज येताच न्यायाधीशाने ठरावीक नमुन्यात जाहीरनामा काढावयाचा. ज्या कोणास अर्जदाराचा हक्क मान्य नसेल त्याने जाहीरनाम्याच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत हजर राहून हरकत नोंदवावी, पुरेशी हरकत न आल्यास पुरावा घेऊन दाखला दिला जाईल, असा त्याचा आशय. ज्याचा वारस ठाऊक नाही अशा मालमत्तेच्या तात्पुरत्या जपणुकीची तरतूदही त्यात आहे.

गोतसभा आणि जाहीरनामा यांतील फरक येथे स्पष्ट होतो. गोतसभेत हक्कदार हजर असत आणि त्यांचे मौन ही संमती असे. जाहीरनाम्यात हक्कदार गैरहजर असतो आणि त्याची अनुपस्थिती ही संमती मानली जाते. जाहीरनामा न्यायालयाच्या भिंतीवर लागे. उत्तर कोकणचे जिल्हा न्यायालय ठाण्यास होते. आगाशीच्या वाडीवाल्याला, त्याच्या सासरी गेलेल्या बहिणीला, अथवा शेजारच्या अर्नाळ्याहून गलबतावर गेलेल्या खलाशाला ठाण्याच्या भिंतीवरील कागद महिन्याच्या आत वाचता येणे कितपत संभवनीय होते? वाचता येणाऱ्यांची संख्या लक्षात घेतली तर प्रश्न आणखी बिकट होतो. मात्र रेग्युलेशनकारांना याची अगदीच जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. दाखला नाकारला गेला तरी मूळ हक्काचा अंतिम निकाल होत नाही आणि दाखल्याने मालमत्तेत नवा हक्क उत्पन्न होत नाही, ही सावधगिरी त्यांनी बाळगली. गैरहजर वारसाला पुढे दावा लावण्याची वाट खुली राहिली. व्यवहारात ताबा गेलेला माणूस दावा लावण्याच्या स्थितीत असतो का, हा भाग वेगळा.

वारस कोण, हाही उत्तर कोकणात सरळ प्रश्न नव्हता. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या भागांत मिताक्षरेशी मतभेद असेल तेथे नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला प्राधान्य, असे न्यायालयांनी मानले. नि:संतान मृताची मालमत्ता मिताक्षरेनुसार बापाच्या आधी आईकडे जाते, मयूखानुसार आईच्या आधी बापाकडे. मयूखाने बहिणीलाही वारसांत वरचे स्थान दिले. परिणामत: घाटावर ज्या बहिणीला सूचना पाठविण्याचे कोणाच्या मनात आले नसते ती आगाशीस कायद्याने महत्त्वाची हक्कदार ठरू शकत होती. शास्त्रात हक्क आणि सूचनेत अनुल्लेख, अशी ही स्थिती होती.

१८६६ : धनको प्रथमच दारात

१८६६ च्या मुंबई कायदा क्रमांक ७ ने हिंदू मुलाची व नातवाची पूर्वजांच्या कर्जाबाबतची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. पुनर्विवाहित विधवेच्या दुसऱ्या पतीलाही पहिल्या पतीच्या कर्जापासून याच कायद्याने संरक्षण दिले. शेअर बाजाराच्या १८६५ मधील कोसळण्यानंतरचे हे वर्ष होते. या कायद्याचे वर्णन सामान्यत: ऋणकोच्या मुलांना दिलासा असे केले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्याचा दुसरा परिणाम क्वचितच नोंदविला जातो. ऋण देहावरून सुटून मालमत्तेवर आले, आणि ती मालमत्ता वाटली जाण्यापूर्वी धनकोला कळणे आवश्यक झाले. वारसांनी वाडी विकून टाकली, पैसा संपविला, तर मागावयाचे कोणाकडे?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न १८५९ च्या एका कायद्याने सोडविला होता. व्यवस्थापकाने धनकोंना दावे कळविण्याची रीतसर सूचना द्यावी, मुदत संपल्यावर ज्ञात दावे लक्षात घेऊन वाटप करावे, मग अज्ञात दाव्यासाठी तो स्वत: जबाबदार राहणार नाही. हेच तत्त्व भारतीय उत्तराधिकार कायद्यात आले आणि १९२५ च्या कायद्यातील कलम ३६० मध्ये आजही आहे. उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार सूचना देऊन मुदत संपल्यावर केलेल्या वाटपाबद्दल व्यवस्थापकास दोष येत नाही, मात्र उशिरा जागा झालेला धनको मालमत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांच्यापर्यंत तिचा माग काढू शकतो. म्हणजे सूचनेने ऋण बुडत नाही, फक्त व्यवस्थापक सुटतो.

याच कायद्यात देण्यांचा क्रमही आहे. प्रथम अंत्यविधी व अखेरच्या आजाराचा खर्च, नंतर न्यायालयीन खर्च, नंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर व घरगड्यांची मजुरी, आणि मग इतर कर्जे, तीही प्रमाणशीर. मृत्युपत्रातील देणग्या त्याहून शेवटी. वाडीत शिंपणे व खणणी करणाऱ्या मजुराची मजुरी सावकाराच्या आधी, हा नियम वसईसारख्या बागायती प्रदेशात किती मोलाचा ठरला असता! परंतु हा क्रम न्यायालयाकडून नेमणूक घेतलेल्या व्यवस्थापक वा प्रशासकावर बंधनकारक होता, आणि ग्रामीण हिंदू कुटुंबांत अशी नेमणूक घेण्याचे कारण क्वचितच पडे. मजुराला आपला दावा सांगण्यासाठी समोर कोणी जबाबदार व्यक्तीच नसे.

एक गाव, अनेक कायदे

१ जानेवारी १८६६ पासून अमलात आलेल्या १८६५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. पारशांसाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा झाला. मुसलमानांत अंत्यविधी, कर्ज, एक तृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्र आणि मग वारस हा शरियतचा क्रम पूर्वीपासून होता. कागदावर पाहता १८६६ पासून आगाशीच्या कॅथलिक मुलीची स्थिती तिच्या हिंदू शेजारणीपेक्षा नव्वद वर्षे पुढे होती.

प्रत्यक्षात एकत्र कुटुंबाची पद्धत धर्मांतराने लगेच सुटत नाही. फ्रान्सिस घोसाल विरुद्ध गॅब्री घोसाल या १९०६ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. उत्तराधिकार कायदा लागू असला तरी हिंदू धर्मातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबात सहदायादाची रूढी टिकून राहू शकते, असे मत तेथे मान्य झाले. मद्रास उच्च न्यायालयाने १८८६ मध्ये याविरुद्ध भूमिका घेतली होती. मद्रासचे मत कायद्याच्या शब्दांशी अधिक सुसंगत वाटते, मुंबईचे मत समाजाच्या वर्तनाशी. पण मुंबईच्या मताची किंमत मुलींनी मोजली असावी, कारण सहदायादात मुलीला स्थान नव्हते आणि जिला स्थान नाही तिला सूचनाही नाही.

चावडीवरची नोटीस

न्यायालयीन दाखल्यापेक्षा गावकऱ्यांच्या आयुष्यात अधिक परिणामकारक ठरली ती महसूल खात्याची नोंद. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० मध्ये तिचे सध्याचे रूप आहे. वारसाने तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्यास वर्दी द्यावी. तलाठ्याने गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावी, तिची प्रत चावडीत ठळक ठिकाणी लावावी आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांना लेखी सूचना द्यावी. ही 'नमुना नऊची नोटीस'. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जावे. वारसांसाठी सहा-क ही स्वतंत्र नोंदवही आहे.

ठाण्याच्या भिंतीवरील कागद आता गावच्या चावडीवर आला, ही निश्चितच सुधारणा होती. परंतु कलमातील 'अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो' या शब्दांत सर्व अडचण साठलेली आहे. ज्याचे नाव आधीच कागदावर आहे त्यालाच नोटीस मिळते. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, या शेऱ्यासह लागलेले असे आणि धाकटे भाऊ कागदावर नसत. विवाहित मुलींची नावे वारस म्हणून सांगितलीच जात नसत, आणि सांगितली तरी पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात जात. वर्दी देणारा हा स्वत:च हितसंबंधी असतो, आणि वारसांची यादी त्याच्याच तोंडून येते. तलाठी सोयरिकीची माहिती ठेवतो असे गृहीत धरले तरी बहीण कोणत्या गावी दिली हे सातबारा सांगत नाही.

अशी नोंद मालकी हक्क देत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. परंतु संहितेनेच तिला विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानण्याचे गृहीतक दिले आहे. गावात या दोहोंपैकी दुसरेच लक्षात राहते.

जमिनीचा भाव आणि बहिणीची सही

वाडीचे उत्पन्न मर्यादित होते तोवर बहिणीने हक्क न मागणे ही माहेर टिकविण्याची किंमत समजली जाई. विरारहून मुंबईस रेल्वे १८६७ मध्येच जाऊ लागली होती, पण शहर स्वत: वसईत येऊन पोचले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९० मध्ये सिडकोची या भागासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. तत्पूर्वीच १९८९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली होती. वाडी वाचविण्याच्या त्या लढ्याची चर्चा पाणी, झाडे व नियोजन या अंगांनी झाली आहे. घराघरातील वारसा नोंदींच्या अंगाने ती व्हावयाची आहे.

जमीन विकावयाची म्हटल्यावर खरेदीदाराच्या वकिलाला सर्व वारस हवे असतात. तीस-चाळीस वर्षे ज्या बहिणीला नमुना नऊची नोटीस आली नाही तिच्याकडे हक्कसोडपत्र घेऊन माणूस येतो. नोंदणी कायद्यानुसार ते नोंदणीकृत असावे लागते, म्हणून तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते. पुष्कळ स्त्रियांना आपण वारस आहोत हे कळते ते हक्क सोडण्याच्या दिवशी. याच काळात वर्तमानपत्रांतील 'जाहीर नोटीस' सर्वपरिचित झाली. अमुक सर्व्हे नंबरच्या जमिनीवर कोणाचा वारसा, गहाण, बक्षीस वा अन्य हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क नाही असे समजले जाईल, असा तिचा साचा. धनको व वारस दोघांनाही उद्देशून असलेली ही सूचना दिसावयास १८२७ च्या जाहीरनाम्याची वंशज आहे, पण तिच्यामागे न्यायाधीश नाही. मुदतीत कोणी न आल्याने कोणाचाही हक्क संपत नाही. खरेदीदाराने चौकशी केली होती एवढाच पुरावा तिच्यातून निघतो.

दरम्यान मूळ कायदा पालटत होता. १९५६ च्या कायद्याने मुलीस वारस केले. महाराष्ट्राच्या १९९४ च्या सुधारणेने तिला सहदायाद केले, पण २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय सुधारणेने ती अट काढली, आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. त्याच २००५ च्या सुधारणेने आणखी एक गोष्ट केली. केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलाकडून, नातवाकडून वा पणतूकडून बापाचे, आजोबांचे वा पणजोबांचे नवे कर्ज वसूल करण्याचा धनकोचा अधिकार न्यायालय यापुढे मान्य करणार नाही, असे तिने ठरविले. १८६६ मध्ये मर्यादित झालेले देहाचे ऋण अशा रीतीने, मुलीला पूर्ण हक्क मिळाला त्याच कलमात, संपले.

२० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना मात्र या सुधारणेने हात लावलेला नाही. अशी वाटणी नोंदणीकृत दस्ताने अथवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी, असे कायदा म्हणतो. तोंडी वाटणीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल अशा अपवादात्मक प्रसंगापुरताच ठेवला आहे. आगाशीसारख्या गावात भावाभावांतील बहुतेक जुन्या वाटण्या तोंडी झाल्या, आणि त्यांचा लेखी माग असला तर तो फेरफार नोंदवहीतच सापडतो. ज्या नोंदीची सूचना बहिणीला कधी पोचली नाही तीच नोंद आज तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे ठेवली जाते, आणि नोटीस कोणावर बजावली गेली होती हे पाहण्यासाठी तहसील कार्यालयातून त्या काळच्या नमुना नऊच्या स्थळप्रती मागविण्याची वेळ येते.